दुसरी खूण

“बाबा, त्या सफाईच्या मावशींना शीतगृहातून बाहेर का येता आलं नाही?”

जेवता जेवता भिंगरीने विचारलं. शाळेत मैत्रिणींनी पैज लावली होती : वक्तृत्वात ढाल मिळवतेस ना, मग घरी हे विचारून दाखव! आणि भिंगरीला हल्ली चांगलाच कंठ फुटला होता.

“जेव गुपचूप,” आई म्हणाली.

“विचारू दे,” बाबा म्हणाले.

मावशी कामाला होत्या त्या कंपनीच्या दारांचं वेब ॲप बाबांनीच बांधलेलं. सुरुवातीला बारा दारं होती, आता चारशे. कोणाचं कार्ड कुठलं दार उघडणार, याचा भलामोठा तक्ता होता. पहारेकरी, भांडारवाले, सफाईवाले. प्रत्येकाची एक रांग आणि रांगेत बरोबरच्या खुणा.

“बाकीची दारं आतून ढकलली की उघडतात,” बाबा सावकाश म्हणाले. “शीतगृहाला येता-जाता कार्ड लागतं. म्हणून तिथे दोन खुणा. आत जायची एक, बाहेर यायची एक. सफाईच्या रांगेतली दुसरी निघाली.”

शनिवारी दुपारी मावशी आत गेल्या. रविवारी कंपनी बंद. सोमवारी सापडल्या.

“निघाली की काढली?” बोलता बोलता भिंगरी टेबलावरचे चमचे एका रेषेत लावत होती. वाकडंतिकडं तिला खपतच नसे. दारातल्या चपलासुद्धा पट्टीने आखल्यासारख्या.

“मी काढली. बदल माझ्या नावावर आहे, पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही. उद्या चौकशीत तेच लिहून देणार.”

“आणि तुरुंगात जाऊन बसणार!” आईचा आवाज चिरकला. “जगाला कुलपं घालता, आणि स्वतः डोळे झाकून काम करता? मावशींची लेक हिच्याच वर्गात आहे. काय तोंड दाखवू मी तिला?”

बाबांनी एकदाच भिंगरीकडे पाहिलं आणि नजर ताटाकडे वळवली. “जिंकलीस पैज. सांग मैत्रिणींना, बाबा चुकले.”

भिंगरीचा हात शेवटच्या चमच्यावर थांबला. तो तिने तसाच तिरका ठेवला आणि ती उठून उभी राहिली.

“नाही सांगणार. उद्या चौकशीला मी येणार आहे, बाबा. शुक्रवारी तुम्ही लॅपटॉप उघडा टाकून आंघोळीला गेला होतात. अख्ख्या रांगेत प्रत्येक दाराला एकेक खूण, आणि एकाच ठिकाणी दोन. वाईट दिसत होतं, म्हणून मी एक पुसली.”