नवा रकाना
हैदराबादेत, काचीगुड्याच्या ऑफिसात सुनेत्राने लिहिलेली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, डेटाबेसमध्ये कधीही नवा रकाना सामावून घ्यायची. चाचणीसाठी तिने लेकच नोंदवली होती. रेवाला दात आला, घाल रकाना. पाऊल टाकलं, घाल दुसरा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी इम्तियाज चिडवायचा, "मॅडम, बच्ची छींकी तो बी कॉलम बनाते क्या?" दुसऱ्या वाढदिवसाआधीच रेवा मेंदूज्वराने गेली. त्यानंतर सुनेत्रा पहिल्यांदा कामावर आली. उद्या ग्राहक लायब्ररी चालवून बघायला येणार होता. इम्तियाज चाचरला, "बेटी का डेटा... मैं निकाल देतूं?" "राहू दे रे, मीच बघते." तिने नोंद उघडली. जन्मतारखेवरून वय मोजणाऱ्या प्रोग्रॅमने रेवाला दोन वर्षांची केलं होतं. पुसायला हात धजेना, खोटं वाढूही देववेना. तिने नवा रकाना घातला: मृत्यू. आता तरी लायब्ररी अडेल, असं वाटलं. लायब्ररीने तो निमूट घेतला, आणि नेहमीसारखं पडद्यावर विचारलं, "आणखी काही?"