वडिलांस पत्र

पत्राच्या शेवटी येऊन विश्राम अडखळला. ‘तुमचा आज्ञाधारक मुलगा’ असं लिहून त्याखाली नावाच्या जागी ‘अ. ब. क.’ छापलेलं होतं.

“तुमचा, रोहित,” त्याने वाचून टाकलं.

“बरं लिवलंय,” नथूकाका म्हणाले. “भाजी घे अजून.”

नथूकाकांच्या घरावरची खोली विश्रामने जूनमध्ये भाड्याने घेतली होती. गाव लवळे, साल २००९. टेकडीवरच्या एका कॉलेजच्या कार्यालयात तो लिपिक होता. मूळचा पुसदचा. आई गेल्यापासून तिकडे फोन करावा असं कुणी उरलं नव्हतं, आणि इकडे ओळखी वाढवाव्यात हे त्याच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी मेसचा डबा घेऊन तो वर जायचा आणि दार लावून घ्यायचा. रंभाबाईंनी, म्हणजे नथूकाकांच्या बायकोने, त्याला दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा त्याने हातातला डबा दाखवला. मग त्यांनीही विचारायचं सोडून दिलं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी नथूकाका स्वतः जिना चढून आले. हातात घडी घातलेला कागद होता. आपला रोहित बडोद्याला कंपनीत असतो, पिरंगुटच्या नेट कॅफेवर मेल करतो, तिथली शुभांगी छापून देते, असं त्यांनी सांगितलं. चष्म्याची काच फुटली होती आणि रंभाबाईंना अक्षरओळख नव्हती.

“खाली येऊन वाचशील का?” त्यांनी विचारलं. “तिलाबी ऐकायचंय.”

नाही म्हणायची सोय नव्हती. विश्राम खाली गेला, आणि पत्र संपायच्या आत त्याच्यापुढे ताट आलं.

तेव्हापासून दर गुरुवारी तसंच होऊ लागलं. पत्र सुरू झालं की रंभाबाई चुलीकडे तोंड करून बसायच्या. आईचं काळीज, विश्रामला वाटायचं. नथूकाकांचं लक्ष मात्र पत्रापेक्षा ताटावरच जास्त. “पत्र काय पळून जातंय व्हय? भाकर निवंल,” म्हणायचे.

नोकरीला लागलेला माणूस वसतिगृहातल्या शिस्तीबद्दल का लिहितो, हे विश्रामला आधीपासून खटकत होतं. चौथ्या गुरुवारी ‘अ. ब. क.’ पाहिल्यावर त्याला राहवेना. शोधायचं कुठे हे त्याला माहीत होतं, कारण कार्यालयातलं त्याचं निम्मं काम नमुन्यांवरच चालायचं. अनुभवाचा दाखला, कारणे दाखवा नोटीस, शोकसभेचं निवेदन. लोक आपापली कागदपत्रं इतरांसाठी चढवून ठेवतात अशा दोन-तीन साइट त्याला पाठ होत्या. तिथून उतरवायचं, नाव-तारीख बदलायची आणि साहेबांपुढे ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याला ते सापडलं. कुणा शिक्षकाने नववीच्या मुलांसाठी चढवलेली पत्रलेखनाची फाइल. ‘वडिलांस पत्र’, नमुना चौथा. आधीच्या तीन गुरुवारांची पत्रंही त्यातच होती, ओळीने.

विश्राम कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिला. बापाला चार ओळी स्वतःच्या लिहिता येऊ नयेत? त्याला स्वतःला लिहायला कुणी नव्हतं, आणि ज्याला होतं तो नाव बदलायचेही कष्ट घेत नव्हता.

काकांना हे सांगायचा धीर त्याला झाला नाही. पुढच्या गुरुवारी सहलीला जायची परवानगी मागणारं पत्र आलं. ते त्याने वाचलंच नाही. कागद डोळ्यांसमोर धरून तो आपल्या मनाने बोलत गेला. रोहितच्या खिडकीतून काय दिसतं, सकाळचा चहा तो कुठे पितो, रविवार कसा सरता सरत नाही. दोन-दोन दिवस आपलाच आवाज आपल्या कानावर पडत नाही. नाव बडोद्याचं होतं, बाकी सगळं लवळ्याचं.

नथूकाकांचा हात ताटातच थांबला होता.

“त्याला म्हनावं, येवढं एकटं ऱ्हाऊ नये मानसानं,” ते म्हणाले. “तितंच कुनाच्या तरी घरी जाऊन बसावं. बोलावं.”

विश्राम नुसता “हो” म्हणाला.

जानेवारीत एका दुपारी तो लवकर परतला, तर घराला कुलूप. शेजारच्या साळूबाईंनी सांगितलं, काकांना सकाळपासून दम लागला होता, पौडच्या दवाखान्यात नेलंय. विश्राम तसाच पौडला गेला. काकांच्या नाकाला नळी होती आणि ते झोपले होते. रंभाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

रोहितला कळवायला हवं, त्याचा नंबर द्या, असं तो म्हणाला.

“कुनाला न्हाई कळवायचं,” रंभाबाई म्हणाल्या. “तू आलास, बास झालं.”

पोराचा नाकर्तेपणा अजून झाकताहेत, या विचाराने विश्रामचं डोकं तडकलं. त्याने थेट पिरंगुटची गाडी धरली. रोहितला काय लिहायचं ते वाटेत ओळीन् ओळ ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नमुना लागला नव्हता.

कॅफेत शुभांगी एकटीच होती. नथूकाकांच्या मुलाचा, बडोद्याच्या रोहितचा मेलचा पत्ता हवाय, त्याने सांगितलं. तिची टायपिंग करणारी बोटं थांबली.

“काका बरं हायेत ना?”

त्याने दवाखान्याचं सांगितलं. ती त्याच्याकडे निरखून बघू लागली.

“म्हंजे वरच्या खोलीतले तुमीच,” ती म्हणाली. “त्यांना मूलबाळ कुटं हाय? दर गुरुवारी यायचे आन् म्हनायचे, लेकानं बापाला लिवल्यालं एखादं पत्र काढून दे. आमच्या वरचं पोरगं जेवायला बोलावलं तर येत न्हाई, वाचायला तरी येईल.”