वरातीत होती तशीच

मुलांनो, समजा, तुम्ही दौलतराव आबांच्या अंगणात उभे आहात. समोर आहे त्यांच्या स्वतःच्या वरातीतली काळी मोटार. यंदा पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, तान्ह्या पोळ्याला, नातीला, म्हणजे ओवीला, तिच्या चाकांच्या बैलासकट याच मोटारीतून देवळापर्यंत नेईन, असा शब्द आबांनी दिला होता. घोडं अडलं होतं ते कार्बोरेटरपाशी.

"नवा टाका न आबाजी, लगेच चालू होते," आर्वीचा मिस्त्री म्हणाला.

"नाई. वरातीत होती तशीच पाह्यजे मले."

वर्षभर भंगाराची दुकानं पालथी घातल्यावर जाम गावात अगदी त्या काळचा कार्बोरेटर मिळाला. तान्ह्या पोळ्याला आबा टोपी घालून मोटारीत बसले, शेजारी बैल मांडीवर घेऊन ओवी. आबांनी किल्ली फिरवली. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

ओट्यावरून अनसूयाआजी म्हणाली, "झाली ना तुमच्या मनासारखी? वरातीत बी अशीच होती. शालू सावरत मीच ढकलली होती इले."

 

ओवी खाली उतरली, लाकडी बैलाची दोरी तिनं मोटारीच्या पुढच्या बंपरला बांधली आणि म्हणाली, "आजी, तू मांगून ढकलजो."