वीस शब्द

"स... स..."

सुतार्जोच्या गळ्यातली शीर ताठ झाली. डावा हात टेबलावर आपटला, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. उजवा हात मांडीवर पडला होता, तो तसाच राहिला.

"सगो!"

"बोलले!" त्यांची मुलगी वेनिंग आईकडे वळत खुर्चीवरून उठलीच. "इबू, ऐकलंत? बापाक बोलले! भात मागितला त्यांनी!"

मुर्वातीनं नवऱ्यासमोरचं ताट उचललं आणि टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवलं. भाताची वाफ अजून येत होती. शेजारी सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, नारळाच्या दुधातली भाजी.

"हा शब्द नाही," ती म्हणाली. "दुसरा. सकुल." आणि भाताचं चित्र असलेलं कार्ड तिनं पुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"इबू, काय करताय हे? भात तो भातच ना! सतरा दिवसांनी पहिला शब्द फुटलाय त्यांच्या तोंडून!"

"फुटला तो मला माहीत आहे. अठ्ठेचाळीस वर्षं ऐकलाय. 'मूर, सगो आण.' मी आणायची. ताट ठेवून, वाकून म्हणायची, आपला सकुल आणलाय. तोच भात, त्याच पातेल्यातला. हाताखालच्या माणसांना एक शब्द आणि मानाच्या माणसाला दुसरा."

"तेव्हा सगळ्या घरांत तसंच बोलायचे."

"हो. सगळ्या घरांत."

"दवाखान्यातल्या बाईंनी काय सांगितलं होतं? सोप्या शब्दांनी सुरुवात करा. खाण्यापिण्याचे शब्द आधी."

"पुढचंही सांग. अर्धांगाचा एवढा मोठा झटका, हे वय. वीस शब्द बसतील, फार तर पंचवीस. आता जे बसतील तेच शेवटपर्यंत राहतील." मुर्वातीनं कार्ड खाली केलं नाही. "वीस शब्दच राहणार असतील, तर ते मी निवडणार. सकुल."

सुतार्जोनं डावा हात ताटाकडे लांबवला.

"डावा हात अन्नाकडे करू नका."

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. डाव्या हातानं पानात काही वाढलं म्हणून त्यानं कारखान्यातल्या आपल्या हाताखालच्या माणसाला एकदा चारचौघांत पंगतीतून उठवलं होतं. त्याचे डोळे लाल झाले.

"इबू! त्यांना दुसरा हात आहे का?"

"मला दुसरं तोंड होतं का?"

"सगो!" सुतार्जो ओरडला. आता शब्द स्वच्छ आला, पूर्वीच्याच आवाजात. साखर कारखान्याच्या आवारात दोनशे माणसं ज्या आवाजाला वळून बघायची, तो आवाज. "सगो! सगो!"

"सकुल."

त्यानं एका फटक्यात टेबलावरची सगळी कार्डं, तिच्या हातातल्या भाताच्या कार्डासकट, उडवली. मीठ, केळं, मिरची, पाणी, सगळी चित्रं फरशीवर पसरली. वेनिंग गुडघ्यांवर बसून एकेक उचलू लागली. ती रडत होती, आणि रडताना तिला आईचा राग येत होता. फळीवर पिठाच्या डब्याखाली एक कार्ड दाबून ठेवलेलं तिला दिसलं. तिनं ते ओढून काढलं. जेवणाऱ्या माणसाचं चित्र.

"हे का लपवलंत?"

"लपवलं नाही, बाजूला काढलं. डाहार. 'आपण जेवावं' म्हणायचा शब्द. त्यांना नाही लागायचा तो." मुर्वातीचा आवाज चढला नाही. "माणूस स्वतःच्या जेवणाला डाहार म्हणत नाही. समोरच्याला म्हणतो, तोही समोरचा मानाचा असेल तर. या घरात तो मीच म्हटलाय, रोज तीनदा. त्यांनी कुणाला म्हणावा असं इथे कुणी नव्हतं. विसातली एक जागा कशाला अडवायची?"

"सूड आहे हा."

"असेल."

"सोमवारी मी सुराबायाला परत गेले की रोज हेच चालणार? उपाशी ठेवणार त्यांना?"

"मी जेवलेय का? त्यांच्याआधी मी कधी जेवले?"

वेनिंगनं उचललेल्या कार्डांचा गठ्ठा केला. भाताची वाफ थांबली होती. तेम्पेवर तेल थिजत होतं.

सुतार्जो बायकोकडे बघत होता. मग त्यानं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. भिजलेलं लाकूड उचलावं तसा तो हात मांडीवरून उचलला, टेबलाच्या कडेवर आदळला, तिथून पुढे ओढला. आता ताट हिसकावणार असं वाटून वेनिंग पुढे झाली. त्यानं ती निर्जीव बोटं ताटाच्या कडेवर ठेवली आणि डाव्या हाताचा जोर लावून ढकलली. ताट आपल्याकडे नाही, तिच्याकडे. बोटं भाजीत बुडाली. ताट मुर्वातीच्या छातीपाशी टेबलाच्या काठाला येऊन थांबलं.

"डा..." त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. "डा... हार."

"इबू," वेनिंग कुजबुजली.

मुर्वातीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा चेहरा सैल झाला नाही. तिनं खुर्ची पुढे घेतली, वाटीतल्या पाण्यात बोटं बुचकळली आणि जेवायला सुरुवात केली. गार भात, गार भाजी. नवऱ्यासमोर, त्याच्याच टेबलावर, त्याच्याआधी. तिनं घाई केली नाही. तो तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होता आणि रिकामाच आवंढा गिळत होता. शेवटचं शीतसुद्धा तिनं बोटानं टिपलं.

मग ती उठली. फडकं घेऊन त्याची बोटं पुसली, हनुवटी पुसली, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. आत जाऊन दुसरं ताट वाढून आणलं. गरम भात, तेम्पे, भाजी. ते तिनं आपल्या बाजूला ठेवलं, खाली बसली, आणि वेनिंगच्या हातातल्या गठ्ठ्यातून भाताचं कार्ड काढून घेतलं.

"सकुल," ती म्हणाली.