हातावरचं तेल

सयाजीचा उजवा हात टेबलावर सैल पडला होता. कोपराखाली दोन चकत्या चिकटवलेल्या, त्यांच्या वायरी यंत्रात गेलेल्या. स्नायू जगलाय की मेलाय, ते पडद्यावरच्या रेघेवरून कळणार होतं. पण रेघ ठरायलाच तयार नव्हती.

"हात सैल आहे, म्हणजे रेघ सपाट हवी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पंखा बंद केला. ट्यूब विझवली. सयाजीचा मोबाइल बाहेर ठेवायला लावला. राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या त्या कोंदट खोलीत रेघ तशीच थरथरत राहिली, मोहोळ उठल्यागत.

डॉक्टरांनी चकतीला बोट लावलं. ती निसटूनच आली.

"तेल! बाई, काल निक्षून सांगितलं होतं ना? चकती नीट धरत नाही, मग भलतंच काहीतरी यंत्रात शिरतं."

"मी न्हाई लावलं," तेजस्वी म्हणाली. कारखान्यात लेथमध्ये नवऱ्याचा हात सापडल्यापासून चोळत होती ती एकटीच. आज मात्र बोटसुद्धा लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, तसा वास सुटला. लसूण-ओवा घालून कढवलेलं तेल. असलं तेल घरात फक्त थोरली जाऊ, आक्का, करायची.

"आक्कांनी लावलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

सयाजी भिंतीकडं बघू लागला. "तू पहाटं देवीला गेलतीस. वैनी म्हनली, आना भावजी, जरा चोळून देते."

"आजच?"

"...रोजच देती की."

तेजस्वीनं डॉक्टरांच्या हातातला बोळा घेतला. कातडी लाल होईस्तोवर हात पुसला.

"अहो बाई, पुरे!"

चकत्या पुन्हा लागल्या. रेघ सपाट झाली.

"आवळा मूठ."

बोटं हलली नाहीत. पण रेघेवर बारीक काटे उभे राहिले.

"जिवंत आहे!" डॉक्टर हसले. "छान चोळलाय कुणीतरी. चालू ठेवा."

तेजस्वी हसली नाही.

जिना उतरताना सयाजी म्हणाला, "देवी पावली बघ तुला. अनवानी जातीस, त्याचं फळ."

"उद्यापासनं न्हाई जायची मी."

"आगं, नवस हाय! हात उचलंपतोर जाईन म्हनलीयास."

"देवी थांबंल," तेजस्वी म्हणाली. "आक्का थांबायच्या न्हाईत."