भागाकाराची आज्ञा

आपल्या कंपनीच्या वतीने करारावर सही करायच्या आधी बाईंनी पेन खाली ठेवलं. "भागाकाराची आज्ञा तेवढी दुरुस्त करून घेऊ या," त्या म्हणाल्या.

दोन्हीकडचे वकील दचकले. वर्षानुवर्षं एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोन चिप कंपन्या एकमेकींच्या आज्ञा उचलल्याच्या आरोपांवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवून दमल्या होत्या, आणि आज कुठे एका टेबलाशी आल्या होत्या. करार सरळ होता. आमच्या प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा तुम्ही वापरा, तुमच्या आम्ही वापरतो. आता ऐनवेळी हे काय काढलं बाईंनी?

"ती आज्ञा मी बनवली. क्वचित कधीतरी शेवटचा आकडा चुकतो तिचा. एकट्या आम्ही बदलली तर जगापेक्षा वेगळे पडू, म्हणून आमच्या कंपनीने मला कधी हात लावू दिला नाही. आज दोघं समोरासमोर आहोत. पुन्हा कधी असणार?"

बाई आता निवृत्त होणार होत्या. ही चूक मागे ठेवून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

समोरच्या कंपनीचा मुख्य इंजिनियर पुढे झुकला. तो हसला.

"बाई, पहिल्या खेपेला आम्ही ती बरोबर बनवली होती. गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. सगळे प्रोग्राम तुमचं उत्तर धरून लिहिलेले! मग तुमची चूक हुबेहूब जमवायला माझी माणसं वर्षभर राबली."

वकिलाने कलमावर बोट ठेवलं. आज्ञा आज चालतात तशाच राहतील, कुणीही त्यात फेरफार करणार नाही. दोन्ही कंपन्यांना तेच हवं होतं. बाईंनी सही केली. दुसरं काय करणार?

चहा आला. इंजिनियर खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला. आता विचारायला हरकत नव्हती.

"एक सांगा. त्या चुकीमागे काहीतरी खोल कारण असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यावरून आमच्यात भांडणं झाली. होतं तरी काय?"

"काही नाही हो. एक तपासणी राहिली. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली होती, लेकीला आणायचं होतं. म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत आराखडा कारखान्यात गेलासुद्धा."

इंजिनियर हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"मग पोचलात का वेळेवर?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बूट घालून एकटीच पायरीवर बसली होती."