हैदराबाद पाहून आलेला माणूस

"चारमिनारला घड्याळं किती?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"चार, साहेब," समोर उकिडवा बसलेला सुग्रीव म्हणाला. "चारी बाजूंना एकएक. पर एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत न्हाई."

दाराशी उभा असलेला हवालदार हसला. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहून घेतलं.

बीडच्या निजामी ठाण्यात सकाळपासून हेच चाललं होतं; अमीन म्हणजे तिथला फौजदार. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, खुनाची चौकशी कमी आणि सहलीचीच जास्त. पण खून झाला होता. वडवणीजवळच्या शिवारात, नवरात्राच्या पाचव्या माळेला, बुधवारी दिवस मावळताना बद्रीनाथाला कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडलं होतं. बद्रीनाथ आणि सुग्रीव यांचं बांधावरून सात वर्षांचं वाकडं होतं. बद्रीनाथाचा भाऊ बंकट यानं बाजरीतून पळणारी पाठ पाहिली होती. तोंड दिसलं नव्हतं, पण पाठ सुग्रीवाचीच, हे तो शपथेवर सांगत होता.

सुग्रीवाचं म्हणणं एकच. त्या दिवशी आपण हैदराबादेत होतो. हे अमीनसाहेबांना पटलं तर घर, नाही पटलं तर फास. मधलं काही नव्हतं.

हैदराबाद बघायला जातोय, हे त्यानं पितृपंधरवड्यातच गावभर सांगितलं होतं. तरणा असताना तो तिथं एका हवेलीच्या कामावर दोन सालं मजूर होता. पण तेव्हा मान वर करून शहर बघायला सवड कुणाला होती? आता बघतो, म्हणाला. लोकांनी थट्टा केली, वेशीपर्यंत पोचवलंही. जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. दसऱ्याला गावात सोनं वाटलं जात होतं तेव्हा तो परतला, तो थेट शिपायांच्या हाती. त्याला आजचा दुसरा दिवस.

तिकीट नव्हतं. जातानाचं हैदराबादच्या आणि येतानाचं जालन्याच्या फलाटावर बाबूनं काढून घेतलं, सगळ्यांचंच घेतात तसं, असं तो सांगत होता. गाठोड्यात बायकोसाठी, छबुबाईसाठी, आणलेल्या लाखेच्या बांगड्या सापडल्या. असल्या बांगड्या जालन्यातही मिळतात, असं बंकट म्हणाला. मिळतात खऱ्या. म्हणजे आता सुग्रीवाला वाचवायला त्याची जीभ तेवढी उरली होती, आणि तिला कोरड पडली होती.

पण शहर त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं होतं. मक्का मशिदीच्या अंगणातले पारवे त्यानं सांगितले. गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळी वाजवली की वर किल्ल्यात ऐकू जाते, हे सांगितलं. अमीनसाहेब स्वतः हैदराबादचे. बीडात नोकरी करून दहा वर्षं झाली होती, मराठी बोलायला शिकले होते, पण शहर विसरले नव्हते. त्यांनी उलटसुलट विचारून पाहिलं. सुग्रीव कुठं अडला नाही.

"बुधवारी दिवस मावळताना कुठं होतास?"

हाच तो प्रश्न.

"अफझलगंजच्या पुलावर, साहेब. कठड्याला टेकून मुसा नदी बघत व्हतो. ढोपरभर पानी. धोबी कापडं गोळा करत व्हते, आन् पल्याड माहूत हत्ती धूत व्हता."

टाक थांबला. अमीनसाहेबांनी हवालदाराला बाहेर जायला सांगितलं. आपण कुठं चुकलो, ते सुग्रीव मनातल्या मनात शोधत राहिला. काही सापडेना.

अमीनसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. बोलले तेव्हा आवाज अमीनाचा नव्हता, घरी बसून बोलणाऱ्या माणसाचा होता.

"पुलापल्याड उतरलं की डाव्या अंगाला एक गल्ली हाय. तिच्या तोंडाशी डाळिंबाचं झाड. ते घर आमचं. तिकडं गेलतास?"

सुग्रीवाच्या छातीवरचं ओझं उतरलं. या माणसाला घराची आठवण येत होती, एवढंच! खुशीत आलेला हाकीम कुणाला नको असतो?

"गेलतो की, साहेब."

"दारात म्हातारी होती?"

"व्हती." मग त्याला शब्द आपोआप सुचत गेले. "जपमाळ ओढत बसली व्हती. कुठला रं बाबा, म्हनली. बीडाकडचा म्हनलं तर लई हरकली. माजं लेकरू तिकडंच हाय, म्हनली. उठून झाडाचं डाळिंब तोडलं आन् माज्या हातावर ठिवलं."

"बुधवारी?"

"बुधवारीच. देवाच्यान, साहेब."

"पुन्हा सांग."

सुग्रीवानं पुन्हा सांगितलं. या खेपेला म्हातारीचा थरथरता हातही त्यात आला. अमीनसाहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून दाढीत गेलं. त्यांनी पुसलं नाही. ते पाहून सुग्रीवालाही भरून आलं. केवढा मोठा साहेब, पण आईपुढं लेकरूच! उद्या सांजेला आपण घरी असू, छबुबाई बांगड्या भरून दारात उभी असेल, असं त्याला अगदी दिसू लागलं.

अमीनसाहेबांनी हवालदाराला हाक मारली. म्हातारीची, डाळिंबाची हकीकत जशीच्या तशी जबानीत उतरवायला लावली, ती सुग्रीवाला वाचून दाखवली आणि तिच्याखाली त्याचा अंगठा घेतला. शाई सुकेपर्यंत ते कागदाकडं बघत बसले.

"आज सकाळी माझ्या भावाचं पत्र आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या बुधवारच्या आधल्या सोमवारी मुसा शहरात घुसली. तो पूल वाहून गेला, ती गल्ली वाहून गेली. ज्या अम्मीनं बुधवारी तुझ्या हातावर डाळिंब ठेवलं, तिला भावानं मंगळवारी माती दिली."